ओसरीवरचे शस्त्रागार

सैन्यातून मानाने निवृत्त होऊन चेन्नईत स्थायिक झालेले आमचे एक सुविद्य स्नेही अलीकडे एक मत मोठ्या हिरिरीने प्रतिपादू लागले आहेत. आणि ते मत एकट्या त्यांचेच नसून, मुलांच्या घरी अमेरिकेत सहा-सहा महिने राहून परतलेल्या अनेक सुखवस्तू गृहस्थांच्या मुखी ते थोड्याफार फरकाने ऐकू येऊ लागल्यामुळे, त्याचा जाहीर समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. मत असे की, अग्निशस्त्रे व काडतुसे विकण्यासाठी भर पेठेत दुकान थाटावयाचा प्रघात कालबाह्य झाला असून, ज्याचे चारित्र्य निष्कलंक आहे, ज्याला शस्त्रविद्येचे ज्ञान आहे आणि ज्याच्या पदरी एक भक्कम तिजोरी आहे, अशा कोणाही नागरिकास आपल्या राहत्या घरातून हा व्यापार करण्याचा परवाना मिळावा. याच्या पुष्ट्यर्थ ते सांगतात की, परवान्याची ही सारी यातायात प्रजेवर अविश्वास असलेल्या परकीय राज्यकर्त्यांची देणगी आहे. वैद्य, वकील आणि सराफ घरात बसून आपापला व्यवसाय करतात, मग बंदूकवाल्यानेच काय पाप केले. अमेरिकेत स्वयंपाकघरातील मेजावर बंदुकांचा सौदा करणारे सज्जन त्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहेत. आणि शेवटी, माउंट रोडवरील गाळ्याचे भाडे भरणे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

यांपैकी पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो वजनदार असल्यामुळेच त्याच्या आडोशाने बाकीचे हलके आक्षेपही आत शिरू पाहतात. परकीय सत्तेने या देशाला निःशस्त्र केले, हे कोण नाकारील? मद्रास इलाख्यापुरते बोलावयाचे तर ही कहाणी १८५७ च्या कितीतरी मागे जाते. शिवगंगेच्या मरुदू बंधूंना १८०१ च्या ऑक्टोबरात तिरुप्पत्तूर येथे फासावर चढविल्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात फोर्ट सेंट जॉर्जहून जो जाहीरनामा सुटला, त्याने दक्षिणेतील पाळेगारांच्या हातची शस्त्रे काढून घेतली. आणि पुढे १८७८ साली लॉर्ड लिटन याने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा व शस्त्रांचा कायदा अशी दोन जुळी अपत्ये एकाच वर्षी प्रसवली. पैकी पहिला कायदा लॉर्ड रिपनने १८८२ साली रद्द केला, आणि त्या उदार पुरुषाच्या नावाची शुभ्र इमारत आजही चेन्नई महापालिकेचे दफ्तर सांभाळीत उभी आहे. परंतु दुसऱ्याला रिपननेही हात लावला नाही, आणि तो स्वराज्य आल्यानंतरही पंधरा वर्षे, म्हणजे १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ रोजी अमलात येईपर्यंत, चालू राहिला. युरोपियनाला मोकळीक आणि एतद्देशीयाला परवाना, हा त्या जुन्या कायद्याच्या अंमलबजावणीतील भेद राष्ट्राच्या स्वाभिमानाला डाचणारा होता, याविषयी आमच्या स्नेह्यांचा आणि आमचा लवमात्र मतभेद नाही.

मतभेद आहे तो या इतिहासातून त्यांनी काढलेल्या निष्कर्षाविषयी. चेन्नईत राहत असल्यामुळे ते १८८७ च्या राष्ट्रीय सभेचा दाखला वारंवार देतात, आणि तो देण्याचा त्यांना अधिकारही आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात सभेचे तिसरे अधिवेशन याच शहरी, थाउजंड लाइट्स भागातील मक्कीच्या बागेत, बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. स्वागत मंडळाचे प्रमुख होते राजा सर टी. माधवराव, कुंभकोणम येथे जन्मलेले, तंजावरच्या मराठी परंपरेत वाढलेले, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले हे पुरुष म्हणजे दक्षिणेतील मराठी माणसाच्या कर्तृत्वाची परमावधीच म्हटली पाहिजे. त्या अधिवेशनात शस्त्रांच्या कायद्याविरुद्ध ठराव झाला, आणि त्यावर तरुण बिपिनचंद्र पाल यांनी केलेले भाषण गाजले, हेही खरे. परंतु त्या ठरावाने मागितले काय होते? शस्त्र जवळ बाळगण्याची आणि अंगावर वागविण्याची मोकळीक; आणि ती मागतानाच, एखाद्या व्यक्तीला किंवा वर्गाला ती नाकारावयाची झाल्यास सरकारने त्याची कारणे लेखी नमूद करून प्रसिद्ध करावीत, एवढेच. म्हणजे ज्या पूर्वजांची साक्ष आमचे स्नेही काढतात, त्यांनीही नकाराचा अधिकार सरकारकडेच ठेवला होता; त्यांचे भांडण होते ते नकाराच्या मनमानीशी आणि त्यातील वर्णभेदाशी. घरोघरी शस्त्रांची विक्री व्हावी, ही कल्पना मक्कीच्या बागेतील त्या मांडवात कोणाच्या स्वप्नीही नव्हती.

आणि त्या ठरावातील न्याय्य मागणी १९५९ च्या कायद्याने बऱ्याच अंशी मान्यही केली आहे. परवाना नाकारावयाचा तर कारणे लेखी नोंदवावीत, आणि सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर अर्जदाराने मागितल्यास त्यांचा गोषवारा त्याच्या हाती द्यावा, असे कलम १४ सांगते. इतकेच नव्हे, तर अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच सबबीवर परवाना नाकारता येणार नाही, असेही तेच कलम बजावते. गरिबाला शस्त्र नाही आणि जमीनदाराला मात्र हवे तेवढे, ही अव्वल इंग्रजीतील वहिवाट मोडण्यासाठीच जणू हे वाक्य लिहिले गेले असावे. नकाराविरुद्ध कलम १८ अन्वये अपील आहे. लिटनच्या आत्म्याला यांतील एकही गोष्ट रुचली नसती. तेव्हा आजचा कायदा लिटनचाच वारस आहे असे म्हणणे, म्हणजे एकाच वाड्यात राहतात म्हणून जुन्या मालकाचे कर्ज नव्या मालकाच्या माथी मारण्यासारखे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आमच्या स्नेह्यांच्या साऱ्या युक्तिवादाच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे, ते असे की, शस्त्र बाळगणारा आणि शस्त्र विकणारा या दोघांत केवळ प्रमाणाचा फरक आहे; एकाजवळ एक बंदूक, दुसऱ्याजवळ पन्नास. कायद्याने मात्र या दोघांना दोन निरनिराळ्या कलमांत घातले आहे, आणि ते उगाच नव्हे. बाळगण्याचा परवाना कलम ३ चा. बनविणे, विकणे, दुरुस्त करणे, पारखणे हे सारे कलम ५ चे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधा परवानाधारक फार तर दोन अग्निशस्त्रांचा धनी होऊ शकतो. पूर्वी ही मर्यादा तीन होती, आणि सरकारने तर प्रथम ती एकावरच आणावयाचे योजिले होते. त्याच दुरुस्तीने कलम ५ चा भंग करून शस्त्रांचा व्यवहार करणाऱ्यास किमान सात वर्षांची आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा ठेवली. अधिकृत विक्रेत्याचे काम तराजू धरून बसण्याचे नाही. गिऱ्हाइकाचा परवाना खरा की बनावट, त्याची मुदत संपली आहे की चालू आहे, त्यावर कोणत्या जातीचे शस्त्र आणि किती काडतुसे मंजूर आहेत, शस्त्रपरवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीतील त्याचा क्रमांक जुळतो की नाही, हे पाहून, प्रत्येक नळीवरचा अंक वहीत उतरवून, विकल्या गेलेल्या प्रत्येक शस्त्राचा हिशेब सरकारला देण्याचे ते काम आहे. एखादा खाजगी मनुष्य आपलीच बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकू लागला, तर त्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा नजीकच्या ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबले पाहिजे, अशी तरतूद कलम ५ मध्येच आहे. हे पंचेचाळीस दिवस विक्रेत्याला लागू नाहीत. आणि का नाहीत, याचा विचार आमच्या स्नेह्यांनी केलेला दिसत नाही. ज्या खातरजमेसाठी शासन सामान्य माणसाला दीड महिना खोळंबून ठेवते, ती खातरजमा त्याने विक्रेत्याच्या हवाली केली आहे. शासनाच्या दक्षतेचा एक तुकडा त्याने एका नागरिकाच्या स्वाधीन केला, त्याचेच नाव विक्रेत्याचा परवाना.

याहूनही बोलके कलम २१ आहे. परवान्याची मुदत संपली, परवाना रद्द झाला किंवा अन्य कारणाने शस्त्र बाळगणे बेकायदा ठरले, तर ते नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे, असे ते सांगते. परवानाधारक वारला की त्याच्या बंदुकीची वाटही बहुधा हीच असते. आणि दोनाहून अधिक शस्त्रे बाळगणाऱ्यांना २०१९ नंतर जादा शस्त्र सोपवावे लागले, तेव्हाही हेच दोन दरवाजे त्यांच्यासमोर होते. म्हणजे एका बाजूला पोलीस ठाणे आणि दुसऱ्या बाजूला बंदूकवाला, असे कायद्याने दोघांना एका ओळीत बसविले आहे. जो मनुष्य या ओळीत बसतो त्याने आपले ठाणे स्वयंपाकघराशेजारी मांडावे की काय, हा आमचा साधा प्रश्न आहे.

कारण घर ही वस्तू, आमच्या समाजात तरी, परक्याच्या नजरेपासून राखलेली असते, आणि शस्त्रांचे भांडार ही वस्तू अधिकाऱ्याच्या नजरेसमोर सतत उघडी असावी लागते. या दोहोंचा मेळ बसत नाही. शस्त्रकायद्याला स्वतःला घराची ही मर्यादा ठाऊक आहे: एखाद्या इसमाजवळ बेकायदा हेतूसाठी शस्त्रे आहेत असा दंडाधिकाऱ्याला संशय आला, तरी आपल्या समजुतीची कारणे आधी लेखी नोंदवून मगच त्याने घराची झडती घ्यावी, असे कलम २२ म्हणते. विक्रेत्याच्या जागेची गोष्ट निराळी. तेथे संशयाची गरज नाही. तपासणी हाच तेथला शिरस्ता, आणि वह्या, साठा व कुलपे यांची मोजदाद करण्यास अधिकारी आला तर कुणाची अब्रू जात नाही. आता हीच दोन स्थळे एकत्र करा. रात्री आठ वाजता वेपेरीहून पोलीस अधिकारी मैलापूरच्या एखाद्या गल्लीत साठा तपासण्यास आला, आणि आत सुनेचे डोहाळजेवण चालू असले, किंवा वृद्ध मातोश्री अत्यवस्थ असल्या, तर काय व्हावे? तो माणुसकीने परत फिरला तर तपासणीला अर्थ उरला नाही. आणि उंबरठा ओलांडून आत आला तर घराला घरपण उरले नाही. काही वर्षांतच पहिली गोष्ट नित्याची होईल, आणि नोंदवहीची तपासणी ओसरीवरच्या फिल्टर कॉफीवर आटोपेल, हे भाकीत करण्यास ज्योतिषी नको.

स्नेही म्हणतील की, आमची तिजोरी पहा, कुलपे पहा, सैन्यातील आमची सेवापुस्तिका पहा. त्यांच्या सचोटीविषयी आम्हांस तिळमात्र संशय नाही. परंतु घरात एकटा गृहस्थ राहत नाही. तेथे मुले, नातवंडे, नातवंडांचे मित्र, मोलकरीण, गवंडी, विजेचे काम करणारा, आणि अड्यार-अण्णानगरच्या सदनिकांत तर वरच्या, खालच्या व बाजूच्या घरांतील बिऱ्हाडे, या साऱ्यांची वर्दळ असते, आणि यांतील कोणाचीही चौकशी परवाना देणाऱ्याने केलेली नसते. दुकान रात्री बंद होते. घर कधीच बंद होत नाही. चेन्नईकरांना एक प्रसंग विस्मरणात गेला नसेल. जुलै २०११ मध्ये आयलंड ग्राउंड्सनजीकच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या वसाहतीत, शेजारच्या झोपडवस्तीतला तेरा वर्षांचा मुलगा झाडाचे बदाम घेण्यासाठी कुंपण ओलांडून शिरला, आणि एका निवृत्त अधिकाऱ्याच्या गोळीने मेला. पुढील वर्षी न्यायालयाने त्या अधिकाऱ्यास जन्मठेप दिली, आणि त्याने कूवमच्या पाण्यात फेकलेली रायफल तपासात वर काढण्यात आली होती. तो अधिकारी विक्रेता नव्हता, हे आम्ही जाणतो, आणि एका माणसाच्या कृत्याने साऱ्या निवृत्त सैनिकांना कलंक लावावा असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते एवढेच की, रणांगणावरील शिस्त ही घरगुती संतापावरचा उतारा नव्हे, आणि 'मी प्रशिक्षित आहे' या विधानाने घरातील शस्त्राचा धोका नाहीसा होत नाही. एका रायफलीची ही कथा. पन्नासांची काय असेल?

येथे एक आनुषंगिक गोष्ट, केवळ चेन्नईपुरती. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीने काठ सोडले तेव्हा कोट्टूरपुरम, सैदापेट, जाफरखानपेट या भागांत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचले, आणि माणसे अंगावरच्या वस्त्रांनिशी होड्यांतून बाहेर पडली. २०२३ च्या डिसेंबरातील मिचौंग वादळाने शहर पुन्हा बुडविले. दुकानही बुडते, हे खरे. परंतु दुकानदाराला त्या रात्री दुकानाकडे धावता येते. घरातील विक्रेत्याला त्याच घटकेला आई आणि नोंदवही यांपैकी एकच उचलता येईल. त्याने आईच उचलावी, आणि तो तेच करील. पण मग त्या घरातील बंदुका कोणाच्या हाती गेल्या, हे पाणी ओसरल्यावर कोण सांगणार?

अमेरिकेचा दाखला आमच्या स्नेह्यांना फार प्रिय आहे, म्हणून तो शेवटपर्यंत पाहू. तेथे १९६८ च्या कायद्यान्वये संघराज्याचा परवाना घेऊन शस्त्रांचा व्यापार करता येतो, आणि १९९३ पर्यंत तो परवाना वर्षाला अवघ्या १० डॉलरांत मिळत असे. परिणामी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परवानेदारांची संख्या अडीच लाखांच्याही पुढे गेली. यांतील फार मोठा वर्ग असा होता की ज्याच्या नावाची पाटी कोणत्याही दुकानावर नव्हती. त्यांना 'स्वयंपाकघरातील मेजावरचे विक्रेते' हे उपरोधिक नाव अमेरिकनांनीच दिले. मग काय झाले? बंदुकीवर प्राणापलीकडे प्रेम करणाऱ्या त्याच राष्ट्राच्या विधिमंडळाने १९९३ मध्ये तीन वर्षांचे शुल्क २०० डॉलरांवर नेले, आणि १९९४ मध्ये अर्जदाराचे छायाचित्र व बोटांचे ठसे आवश्यक करून स्थानिक कायद्यांचे पालन ही परवान्याची अटच करून टाकली. ज्या गावात राहत्या घरातून असा व्यापार चालत नाही तेथे परवानाही चालेना. दशक संपता संपता संख्या एक लाखाच्या आसपास उतरली. घरगुती विक्रेता तेथून समूळ गेला नाही, तो आजही आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु तो ज्या व्यवस्थेत आहे तिच्याकडे पहा: १९८६ च्या एका कायद्याने तेथील अधिकाऱ्यांना वॉरंटाविना करावयाची नित्याची तपासणी बारा महिन्यांतून एकदाच करण्याची मुभा ठेवली आहे, आणि शस्त्रधारकांची मध्यवर्ती नोंद करण्यास त्याच कायद्याने मनाई केली आहे. आमच्याकडे उलट प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदीत क्रमांक आहे, आणि त्या नोंदीची खरी-खोटी होण्याची जागा विक्रेत्याचा गल्ला हीच आहे. एका देशातील परवाना उचलावयाचा आणि त्याभोवतीची घटना, इतिहास व तक्रारी सीमेपलीकडेच सोडून यावयाच्या, याला अनुकरण म्हणत नाहीत. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात अमेरिकेच्या घटनेशी तुलना करूनच सांगितले की, शस्त्र बाळगण्याचा तसा मूलभूत हक्क भारतीय नागरिकास नाही. बाळगण्याचाच नाही, तर दिवाणखान्यातून विकण्याचा कोठून येणार?

वैद्य-वकिलांच्या उपमेला फार वेळ देण्याचे कारण नाही. वकिलाच्या घरून अशील सल्ला घेऊन जातो आणि वैद्याच्या घरून रोगी औषध घेऊन जातो. चुकीच्या सल्ल्याने दावा बुडेल, चुकीच्या औषधाने रोगी दगावेल, परंतु दोहोंचा परिणाम ज्याने ते घेतले त्याच्यावरच होतो. बंदूक घेऊन गेलेल्याच्या चुकीची किंमत तिसराच कोणी मोजतो, आणि तो तिसरा इसम त्या सौद्याला हजर नसतो. सराफाची उपमा तर स्वतःवरच उलटते. सोने चोरीला गेले तर सराफ बुडतो. बंदुका चोरीला गेल्या तर विक्रेत्याचे नुकसान सर्वांत कमी असते.

राहिला भाड्याचा प्रश्न. या धंद्यात आज काय उरले आहे, हे आमच्या स्नेह्यांनी कोणाही जुन्या बंदूकवाल्यास विचारावे. परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे दुकानांत मुख्यतः ईशापूरची ०.३१५ ची रायफल, कानपूरचे ०.३२ चे रिव्हॉल्व्हर, देशी बारा बोअरची दुनळी, आणि मृत परवानाधारकांच्या वारसांनी विकावयास ठेवलेली, आता दुर्मिळ झालेली विलायती हत्यारे, एवढाच माल. सरकारी आयुध निर्माणी २०२१ च्या ऑक्टोबरात सात कंपन्यांत विभागल्या गेल्या, परंतु दुकानाच्या फळीवर त्यामुळे फारशी भर पडलेली नाही. गिऱ्हाईक पहावे तर, गृहमंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३.६९ लाख शस्त्रपरवाने होते, त्यांतले १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात, आणि साऱ्या तमिळनाडूत साडेबावीस हजारांच्या आसपास. सात-आठ कोटींच्या प्रांतात एवढेच परवानाधारक, आणि त्यांतील बहुतेकांच्या जवळ आधीच बंदूक! ज्या पेठेत असलेल्या दुकानांना गिऱ्हाईक पुरत नाही, तेथे दुकाने कमी खर्चात कशी काढता येतील हा प्रश्न नसून, अधिक दुकाने हवीत कशाला हा आहे. कमी भाड्यात, कमी नफ्यात, कमी डोळ्यांसमोर चालणारा शस्त्रव्यापार ज्या मोहाला बळी पडतो तो मोह जगजाहीर आहे.

नेमबाजांची गैरसोय होते, असे एक पोटकलम आमचे स्नेही पुढे जोडतात. नेमबाजीवर आमचे त्यांच्याइतकेच प्रेम आहे. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापून तिचे अध्यक्षपद स्वीकारले, आणि त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही देशभरचे नेमबाज वर चढतात. कोल्हापूरनजीकच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला, तेव्हा मराठी घराघरांत आनंद झाला. परंतु ही सारी परंपरा उभी राहिली ती क्लब, मैदान, प्रशिक्षक आणि सामूहिक शस्त्रकोठी यांच्या आधारावर. एग्मोरमधील रायफल क्लबही याच परंपरेतला. नेमबाजाला काडतुसे वेळेवर आणि रास्त दरात मिळावीत, यासाठी क्लबांच्या हाती अधिक अधिकार द्यावेत अशी मागणी कोणी केली तर आम्ही तिच्या बाजूने लिहू.

स्नेह्यांचा एक शेवटचा बाण उरतो, आणि तो खरोखर टोकदार आहे: दुकानदार तरी कोठे धुतल्या तांदळासारखे आहेत? जम्मू-काश्मीरचे प्रकरण ते पुढे करतात. २०१२ ते २०१६ या काळात तेथील अनेक जिल्ह्यांतून अपात्र माणसांना २.७८ लाखांहून अधिक परवाने वाटले गेले, आणि त्यांत अधिकाऱ्यांबरोबर शस्त्रविक्रेत्यांचाही हात होता, असा केंद्रीय अन्वेषण विभागाचा आरोप आहे. प्रकरणाला वाचा फोडली ती राजस्थानच्या पोलिसांनी. पण हे उदाहरण कोणाच्या बाजूने साक्ष देते? विक्रेता फितला की परवान्याची संपूर्ण व्यवस्था आतून पोखरली जाते, हेच त्याने सिद्ध होते. म्हणजे विक्रेता हा साधा व्यापारी नव्हे, हे आमचेच म्हणणे. पाट्या लावून, पेठेत बसून, सर्वांच्या देखत धंदा करणाऱ्यांवर जर एवढा मोठा आरोप येऊ शकतो, आणि तो उघडकीस येण्यास एवढी वर्षे लागतात, तर शेकडो दिवाणखान्यांत विखुरलेल्या वह्यांचा मेळ कोणता तपासनीस घालणार?

एका बाबतीत मात्र आम्ही त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे आहोत. चेन्नईसारख्या शहरात, जेथे पोलीस आयुक्त हाच या कायद्यापुरता जिल्हा दंडाधिकारी असतो, तेथे अर्ज देऊन महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहणाऱ्याची तगमग आम्ही जाणतो, आणि ही स्थिती पुण्या-मुंबईत किंवा अन्यत्र फार निराळी असेल असे आम्हांस वाटत नाही. २०१६ च्या शस्त्रनियमांनी ठाण्याच्या अहवालाला आणि त्यावरच्या निर्णयाला मुदत घालून दिली आहे. नियमात मुदत आणि दफ्तरात दिरंगाई, हा आमच्या कारभाराचा जुना आजार. नकाराची कारणे द्यावयाची तर ती 'पोलीस अहवाल प्रतिकूल' अशा तीन शब्दांत संपतात, आणि अपील करावयाचे तर कशाविरुद्ध करावे हेच अर्जदाराला उमगत नाही. मक्कीच्या बागेतील त्या मंडळींनी लेखी कारणांची मागणी केली ती याचसाठी, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही ती पुरती फळास आलेली नाही. आमच्या स्नेह्यांनी या दिरंगाईविरुद्ध निवेदन लिहावे: मुदतीत निर्णय व्हावा, नकार सकारण असावा, पोलीस अहवालाची प्रत अर्जदाराला मिळावी, आणि अस्तित्वात असलेल्या विक्रेत्यांच्या तपासणीचे निष्कर्ष दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. त्या निवेदनावर सही करावयास आम्ही त्यांच्या घरी येऊ. मात्र राहत्या घरातून विक्रीची मुभा मागणारा परिच्छेद त्यांनी त्या निवेदनात घातलेला नसावा, आणि घातल्यास सही न करता कॉफी तेवढी घेऊन आम्ही परत जाऊ, हे त्यांनी आताच ध्यानात घ्यावे.